माझ्या बेटावर कुणी भाडं घेत नव्हतं

२००९ साली माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. हिंदी महासागरातलं एक काल्पनिक बेट, त्यावर एका महासत्तेचा लष्करी तळ आणि तळाच्या कुंपणालगत माडांच्या आधाराने जगणारी वस्ती, असा तिचा विषय. परीक्षणं चांगली आली, चर्चा झाल्या, एका महाविद्यालयात काही वर्षं ती पूरक वाचनालाही होती. त्या कादंबरीतल्या चुकांविषयी मला लिहायचं आहे. तपशिलाच्या चुका असत्या तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता आल्या असत्या. या चुका माणसांविषयीच्या आहेत. लष्करी तळाशेजारी खरोखर आयुष्य काढणाऱ्यांवर माझ्या पुस्तकाने अन्याय केला, आणि ज्यांनी तो दाखवून दिला त्यांचं मी बरीच वर्षं ऐकलं नाही.

कादंबरीचं बीज चागोसच्या हकिगतीत होतं. या द्वीपसमूहातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला तळ हवा होता. बेटं ब्रिटनच्या ताब्यात होती. १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने तिथल्या सगळ्या लोकांना हलवलं आणि मॉरिशस, सेशेल्सच्या बंदरांवर नेऊन सोडलं. नारळाच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबलेली ती माणसं. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि काही प्रमाणात भारतातून गेलेल्या मजुरांचे वंशज. त्यांची पाळीव कुत्रीसुद्धा मारून टाकण्यात आली. हे वाचलं तेव्हा झोप उडाली. मग मनात आलं, हे लोक तिथेच राहिले असते तर तळाशेजारी कसे जगले असते?

प्रश्न योग्य होता. उत्तर मी पुण्यात घरी बसून दिलं. जगात अशी बेटं आहेत, तिथे माणसं तळाला लागून राहतात, त्यांना विचारता येतं, हे मला ठाऊक होतं. पण बेट काल्पनिक ठेवलं की कुणाला विचारावं लागत नाही आणि ‘हे असं नसतं’ असं म्हणणाराही कुणी उरत नाही. ही सोय मला हवीहवीशी वाटली.

पुस्तक आल्यावर वर्षभरात कारवारहून एक पत्र आलं. लिहिणारे निवृत्त शिक्षक, घरात कोकणी, शिक्षण मराठीत. सीबर्ड या नौदल प्रकल्पासाठी कारवार-अंकोला किनाऱ्यावरची जी गावं उठली, त्यांतल्या एका गावचे. त्यांनी लिहिलं होतं की वडील जमिनीच्या मोबदल्यासाठी म्हातारपणापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढले. धाकटा भाऊ त्याच तळावर एका कंत्राटदाराकडे वायरमन आहे. पूर्वी जिथे जाळी टाकायची तिथे आता जाता येत नाही म्हणून वहिनीच्या माहेरचे कुरकुरतात. आणि पुतण्याला नौदलातच भरती व्हायचं आहे. सगळे एका पंगतीला जेवतात. पुढे लिहिलं होतं, ‘तुमच्या बेटावर असं एकही घर नाही. तुमची माणसं सकाळी उठल्यापासून नुसती दुःखी असतात. त्यांच्या जमिनीचं भाडं कोण देतो, कोण घेतो, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.’

मी त्यांना चार ओळींचं उत्तर पाठवलं. परक्या देशाचा तळ आणि आपल्या देशाचं नौदल यांत फरक आहे, माझा विषय पहिला आहे, असं कळवलं. फरक आहेच. पण त्यांनी तो विचारलाच नव्हता. त्यांचा प्रश्न घराविषयी होता आणि मी उत्तर राजकारणाचं दिलं.

२०१९च्या नोव्हेंबरात मी मुलीकडे टोकियोला गेलो होतो. तिच्या कचेरीतली एक मैत्रीण ओकिनावाची. ती सुट्टीवर घरी निघाली होती, तिने मलाही बरोबर नेलं. जपानच्या एकूण भूभागात ओकिनावाचा वाटा जेमतेम ०.६ टक्के, पण जपानमध्ये केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन या एका प्रांतात आहे. हे आकडे पाठ करूनच मी विमानात बसलो होतो. ओकिनावाची राजधानी नाहा इथे उतरलो तेव्हा तिथला शुरीचा किल्ला आगीत जळून काही आठवडेच झाले होते, आणि जो भेटेल तो आधी किल्ल्याविषयी बोलत होता. मी मात्र प्रत्येक संभाषण तळाकडे वळवत होतो. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीने मला शांतपणे सांगितलं, ‘काका, आमच्याकडे तळाशिवायही पुष्कळ काही आहे.’ माझ्या कादंबरीतल्या लोकांकडे तळाशिवाय काही नव्हतं. त्यांना सण नव्हते, भाऊबंदकी नव्हती, लग्नं ठरत नव्हती.

गिनोवान शहरातल्या काकाझू टेकडीवरून फुतेन्माचा हवाई तळ दिसतो. शहराच्या मधोमध धावपट्टी आणि चहूबाजूंनी घरं, शाळा, दवाखाने. २००४ साली इथलं एक हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठाच्या आवारात कोसळलं. २०१७ साली दुसऱ्या एका हेलिकॉप्टरची खिडकी प्राथमिक शाळेच्या मैदानात पडली. टेकडीवर १९४५ साली अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या ओकिनावाच्या लढाईतला काँक्रीटचा बंकर अजून उभा आहे, गोळ्यांनी पोखरलेला. त्या लढाईत दोन लाखांहून अधिक माणसं मेली, त्यांत सामान्य नागरिकांची संख्या प्रचंड होती. वाचलेले लोक छावण्यांत डांबलेले असताना त्यांच्या गावांवर धावपट्ट्या झाल्या. माझ्या कादंबरीत तळ एका सकाळी समुद्रातून जहाजांवर येतो. त्याआधी बेटावर काही घडलेलंच नाही. मृतांची आठवण नसलेली वस्ती मी उभी केली होती, आणि तळाबद्दलचा राग कुठून येतो हेच त्यामुळे तिला सांगता येत नव्हतं.

फुतेन्माच्या कुंपणाला लागून साकिमा कला संग्रहालय आहे. साकिमा मिचिओ यांच्या घराण्याची जमीन तळात गेली होती. तिचं भाडं येत होतं आणि त्या पैशातून ते चित्रं विकत घेत राहिले. मग वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा त्यांनी वाटाघाटी करून परत मिळवला आणि १९९४ साली तिथे संग्रहालय उभं केलं. इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याने रंगवलेलं ओकिनावाच्या लढाईचं भिंतभर चित्र तिथे आहे. आवारातच घराण्याची जुनी थडगी आहे, कासवाच्या पाठीच्या आकाराची. छतावर जाणाऱ्या पायऱ्या आधी सहा आणि मग तेवीस, अशा बांधल्या आहेत. २३ जून हा त्या लढाईचा स्मृतिदिन. छतावर उभं राहिलं की तळ समोर.

मी तिथे बराच वेळ थांबलो. तळाचं भाडं घेतलेला माणूस त्याच पैशाने युद्धाचं चित्र तळाच्या दारात आणून लावतो. माझ्या कादंबरीत भाडं घेणारं पात्र असतं, तर मी त्याला फितूर केलं असतं, याबद्दल मला शंका नाही. कारवारच्या शिक्षकांचा प्रश्न तिथे मला पहिल्यांदा नीट कळला.

भाड्याची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि ती वगळून तळ समजत नाही. भाडं अमेरिका देत नाही, जपान सरकार देतं. जमीनमालक हजारो आहेत. हमखास उत्पन्न म्हणून तळातल्या जमिनींची खरेदी-विक्री चालते, बाहेरचे लोकही त्या विकत घेतात. दुसरीकडे करारावर सही न करणारे युद्धविरोधी जमीनमालक आहेत. १९८२ पासून तर त्यांच्या पाठिंब्यासाठी अनेकांनी मिळून जमिनीचे अगदी छोटे हिस्से विकत घेतले, सही नाकारण्याचा हक्क वाढावा म्हणून. १९९५ साली ओकिनावाचे गव्हर्नर ओता मासाहिदे यांनी अशा मालकांच्या वतीने सही करायला नकार दिला. केंद्र सरकार कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात ओता हरले. म्हणजे भांडण जितकं अमेरिकेशी, तितकंच टोकियोशी. माझ्या बेटाला स्वतःचं सरकारच नव्हतं. परका आणि पीडित, एवढेच दोघे होते.

मुलीची मैत्रीण म्हणाली, ‘आजोबांच्या भाड्यावर माझं कॉलेज झालं. आणि यंदा फेब्रुवारीत हेनोकोच्या समुद्रात भराव घालण्याविरुद्ध मी मत दिलं.’ फुतेन्माच्या बदल्यात हेनोकोला नवा तळ बांधायचा म्हणून तो भराव; त्यावरच्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं विरोधात गेली होती. यात काही विसंगत आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं. मला ते विसंगत वाटलं, कारण तिची फी मला भरायची नव्हती. वसंत ऋतूत पूर्वजांच्या पूजेला परवानगी काढून तळाच्या आत जाणारी घरं आहेत, तळाच्या हद्दीत मूक संमतीने भाजी पिकवणारे शेतकरी आहेत. माझ्या पुस्तकातलं कुंपण मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणी ओलांडत नाही.

कादेना हवाई तळाच्या एका फाटकासमोरच्या रस्त्यावर शिंप्यांची आणि कपड्यांची कित्येक दुकानं भारतीयांची आहेत, बहुतेक सिंधी. एका दुकानात हिंदी ऐकून मालकांनी बसवून घेतलं. त्यांचे नातेवाईक उल्हासनगरला. गिऱ्हाईक म्हणजे सैनिक. एखादी वाईट घटना घडली की सैनिकांना बाहेर पडायला बंदी होते आणि रस्ता ओस पडतो. ते म्हणाले, ‘आमच्याही घरात मुली आहेत. बंदी बरोबरच आहे. पण दुकानाचं भाडं थांबत नाही.’ याच भागात २० डिसेंबर १९७०च्या रात्री लोकांनी अमेरिकनांच्या सत्तरहून अधिक गाड्या जाळल्या, आणि काळ्या सैनिकांना हात लावला नाही असं तिथे आजही सांगतात. गोऱ्या आणि काळ्या सैनिकांचे बार तेव्हा वेगवेगळ्या वस्त्यांत होते. व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला बी-५२ विमानं कादेनावरून उडत, आणि आपल्या बेटावरून दुसऱ्यांचा जीव घेतला जातो याची बोच इथल्या लोकांनी बाळगली. तळावरच्या कामगारांची संघटना पगारासाठी लढली, त्या विमानांविरुद्धही लढली. कामावरून काढायला सुरुवात झाली तेव्हा त्यांची मागणी होती की आम्हाला काढता तर जमीनही परत द्या.

माझ्या कादंबरीतल्या सगळ्या सैनिकांना मिळून एकच चेहरा होता. आणि तळावर कामाला जाणारा बेटकरी एकही नव्हता. इतक्या मोठ्या तळावर कपडे कोण धुतं, गाड्या कोण दुरुस्त करतं, याचा विचारच मी केला नाही.

मोतोबू बंदरातून बोटीने अर्ध्या तासावर इए नावाचं छोटं बेट आहे. तिथे जाईपर्यंत मला वाटत होतं की निदान माझा नायक तरी खरा आहे: कुंपणावर चढणारा, इंधनाची टाकी पेटवणारा तरुण. इए बेटावर १९४५च्या लढाईत लोकांनी माणसं गमावली, वाचलेल्यांना दोनेक वर्षं बेटाबाहेर ठेवलं गेलं. परतल्यावर १९४८ साली बंदरात दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसं गेली. १९५५ साली अमेरिकी सैन्याने बॉम्बफेकीच्या सरावासाठी शेतकऱ्यांची घरं पाडून, जाळून शेतं घेतली. या शेतकऱ्यांचे पुढारी होते आहागोन शोको. त्यांचा एकुलता मुलगा लढाईत गेला होता.

त्या शेतकऱ्यांनी सैन्याशी बोलण्याचे नियम स्वतःसाठी लिहून काढले होते. बोलताना बसूनच बोलायचं. हातात विळा, काठी, काहीही धरायचं नाही. हात कानाच्या वर न्यायचा नाही. आवाज चढवायचा नाही. खोटं बोलायचं नाही. हात वर गेला की हल्ला केला असा आरोप ठेवता येतो, हे त्यांनी अनुभवाने जोखलं होतं. पीक नाही आणि भाडं घ्यायचं नाही, म्हणून १९५५च्या जुलैपासून पुढच्या वर्षापर्यंत ते आपल्यावर काय गुदरलं ते सांगत, भीक मागत ओकिनावाभर फिरले. सरावाच्या मैदानात पडलेलं बॉम्बचं लोखंड गोळा करून विकताना काहींचा जीव गेला. आहागोन यांनी १९८४ साली उभारलेलं साधं स्मृतिघर तिथे आहे. डमी बॉम्ब, फाटके कपडे, शेतीची अवजारं, फलक, सगळं दाटीवाटीने मांडलेलं. बेटाचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून तळाकडे आहे. उरलेल्या भागात भुईमूग, ऊस आणि तंबाखू पिकतो.

मी माझ्या नायकाच्या हाती मशाल दिली, कारण प्रतिकार म्हणजे काय याची माझी कल्पना सिनेमातून आलेली होती. सत्याग्रहाच्या देशातल्या लेखकाला बसून बोलणारा शेतकरी सुचू नये याची मला खंत वाटते. माझ्या पुस्तकात टाकी पेटते, नायक मरतो आणि गोष्ट संपते. इए बेटावर गोष्ट संपली नाही. आहागोन शंभरी गाठेपर्यंत जगले, २००२ साली वारले, तोवर येणाऱ्या शाळकरी मुलांना हे सगळं सांगत राहिले.

आता सातव्या प्रकरणाविषयी. त्यात एक सैनिक बेटावरच्या मुलीवर अत्याचार करतो. ते मी चार पानं लिहिलं आहे, सैनिकाच्या नजरेतून, बारीकसारीक तपशिलांसह. पुढच्या प्रकरणात मुलगी मरते आणि बेट पेटून उठतं. परीक्षणांत याच प्रकरणाचं सर्वात जास्त कौतुक झालं. एका चर्चेत मागच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून विचारलं होतं, ‘त्या मुलीला मारायची तुम्हाला काय गरज होती?’ वास्तव क्रूर असतं, असं काहीतरी मी बोललो. सभागृह माझ्या बाजूने होतं. बाई खाली बसल्या.

१९९५च्या सप्टेंबरात ओकिनावात तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीला पळवून तिच्यावर बलात्कार केला. माझ्या कादंबरीतला आरोपी विमानाने पळून जातो. इथे पळण्याची गरजच नव्हती. दोन देशांतल्या करारानुसार आरोपपत्र दाखल होईपर्यंत संशयित अमेरिकी सैन्याच्याच ताब्यात राहिले. २१ ऑक्टोबरला गिनोवानमध्ये सुमारे ८५,००० लोक जमले. ताकाझातो सुझुयो आणि त्यांच्या मैत्रिणींनी त्याच वर्षी सैनिकी हिंसाचाराविरुद्ध स्त्रियांची संघटना काढली. १९४५ पासून ओकिनावात सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या गुन्ह्यांची यादी या स्त्रिया कागदपत्रांतून, मुलाखतींतून जमवत आल्या. एकेक नोंद तारीखवार. नव्या नोंदी सापडतात, तसतशी यादीची पुढची आवृत्ती निघते. तिच्यात वर्णन रंगवलेलं नाही. ज्यांच्यावरच्या गुन्ह्यांची ही यादी आहे, त्यांतल्या पुष्कळ जणी त्या घटनेनंतर जगल्या, कामाला गेल्या, म्हाताऱ्या झाल्या.

माझ्या कादंबरीतली ती मुलगी जगली असती तर मला तिचं पुढचं आयुष्य लिहावं लागलं असतं. तिची शाळा, शेजाऱ्यांच्या नजरा, आईचा अबोला, सगळं. ते मला येत नव्हतं. तिच्या मरणाने उठाव सोपा झाला, म्हणून मी तिला मारलं. आणि ज्यांनी हे भर सभेत विचारलं त्यांना मी गप्प बसवलं. त्यांचं नाव मला माहीत नाही. हे त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी माझी माफी स्वीकारावी.

परतल्यावर कारवारच्या शिक्षकांना मी सविस्तर पत्र लिहिलं, जुन्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. त्यांनी बोलावलं. साथीच्या निर्बंधांमुळे जाणं लांबलं, पण गेलो. किनाऱ्यावरून त्यांनी अंजदीव दाखवलं. त्या बेटावरच्या चॅपेलच्या फेस्ताला पूर्वी गोव्यातून आणि कारवारातून भाविक होड्यांनी जात; बेट नौदलाकडे गेल्यावर ते थांबलं. त्यांच्या गावावर मी लिहावं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘आधी भावाला विचारा.’ भावाने नकार दिला. तळाच्या पासवर त्यांचं काम चालतं, आणि त्यांना घरचं वृत्तपत्रात यायला नको आहे. पत्रातला मजकूर छापायला मात्र दोघांनीही हरकत घेतली नाही. ओळख पटू नये म्हणून कामाचा तपशील मी वर बदलून लिहिला आहे. भावाच्या नकाराचा मान राखून त्या घराविषयी याहून अधिक लिहीत नाही.

कादंबरीचं पुनर्मुद्रण करू नये असं मी प्रकाशकांना कळवलं आहे. वाचनालयांत तिच्या प्रती आहेत, त्या परत घेणं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हाती ती पडेल त्यांनी सातवं प्रकरण सोडून द्यावं, ही विनंती. आणि कुणी शिक्षक ती अजून मुलांना वाचायला देत असतील तर कृपा करून थांबावं. आहागोन यांनी इएच्या शेतकऱ्यांच्या लढ्यावर १९७३ साली लिहिलेल्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झालेला आहे. माझ्या पुस्तकाच्या जागी तो द्यावा, आणि कुणाला शक्य असेल तर त्याचा मराठी अनुवाद करावा. मिळेल ती मदत मी करीन.